तिसरं कुलूप

मिस्त्रींचं खरं आडनाव टपालवाला सोडला तर कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळं गाव त्यांच्या घराण्याला 'आपोआप' म्हणायचं. दुकान म्हणजे आपोआपचं दुकान, बायको म्हणजे आपोआपकाकू. लेक पहिल्या दिवशी शाळेत गेली, तेव्हा हजेरीच्या आधीच मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, "ए, तू आपोआपची ना?" कुलपं बनवणाऱ्या माणसाला याहून वाईट नाव शोधूनही सापडलं नसतं.

हे नाव पडलं इंग्रजी अमदानीत, मिस्त्रींच्या पणजोबांच्या वेळी. आणि ते पाडलं एका संतानं आणि एका गोऱ्या साहेबानं मिळून.

गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. महाराज एक दिवस कचेरीत शिरले आणि थेट साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसले. साहेब मोठा शिस्तीचा, स्वतःच्या घरातसुद्धा बूट पुसल्याशिवाय न शिरणारा. त्यानं दुभाष्याकरवी सांगितलं, उठा. महाराज थोडे बाजूला सरकले आणि म्हणाले, "तूही बस की. दोघांना पुरेल." सगळी कचेरी हसली. साहेबाला हसू आलं की राग, यावर अजून दोन मतं आहेत. पण कायद्याचं पुस्तक समोर उघडं होतं, आणि न्यायाची खुर्ची बळकावणाऱ्याला त्यात चौदा दिवसांची कोठडी लिहिलेली होती. साहेबाला पुस्तकाबाहेर जाता येईना. महाराजांना कोठडीत घातलं, दाराला शिपायानं मुद्दाम करवून आणलेलं नवं कुलूप लावलं. महाराजांनी कुलपाकडे नुसतं पाहिलं आणि कुलूप गळून पडलं. शिपाई धावत जाऊन दुसरं घेऊन आला. तेही पडलं. तिसरं कुलूप साहेबानं स्वतःच्या हातानं लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दारासमोर खुर्ची मांडून बसला. महाराज हसले. कुलूप पडलं. तेव्हा साहेबानं डोक्यावरची टोपी काढली, दार उघडलं आणि म्हणाला, "या."

ही झाली भक्तांची गोष्ट. साहेबाची गोष्ट त्याच्या स्वतःच्या अक्षरात होती आणि अगदीच त्रोटक होती. महाराज जिथं राहायचे ती खोली आता दर्शनाला खुली होती. तिथं काचेच्या पेटीत ते तिसरं कुलूप उघडं ठेवलेलं होतं आणि शेजारी साहेबाचा कागद, खाली त्याचा मराठी अर्थ: 'तिन्ही कुलुपे एकाच दुकानातील. तिन्ही सदोष. कैद्यास सोडले. बनविणाऱ्यास समज द्यावी.'

म्हणजे महाराजांचं नाव झालं, साहेबाचंही नाव झालं, आणि बदनाम झालं ते कुलूपवाल्याचं घर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशालाही सोडलं आणि लोहाराला लटकवलं! भक्त म्हणायचे, यांच्या कुलपांना संतांची नजर पुरते. गिऱ्हाईक म्हणायचे, मग चोराची नजरही पुरत असेल. मिस्त्रींच्या दुकानात आलेला प्रत्येक माणूस कुलूप हातात घेऊन हटकून तोच विनोद करायचा, "बघितलं तर उघडणार नाही ना?" आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा हसायचा. मिस्त्री चाळीस वर्षं त्याच्याबरोबर हसत आले होते. मनातून त्या माणसाला त्याच्याच कुलपानं हाणावंसं वाटायचं.

पणजोबांना मात्र त्याचं काही वाटत नसावं. घरात सांगत, कोणी टोमणा मारला की ते हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "होतं असं कधी कधी." बस्स, एवढंच. पहिली दोन कुलपं कचेरीतून परत आली, ती त्यांनी त्याच दिवशी भट्टीत टाकून वितळवली. लाज वाटली असेल, असं मिस्त्रींचे वडील म्हणायचे. पणजीचं वेगळंच. ती जिभेनं तिखट. महाराज रोज सकाळी उन्हाला दुकानाच्या पायरीवर येऊन बसत आणि ती आतून ओरडे, "पाय आत घ्या, येणारा-जाणारा अडखळतोय. आणि खोकला झालाय ना, मग उघड्या अंगानं कशाला हिंडायचं?" लोक ज्यांच्या पायांवर डोकं ठेवत, त्यांच्या अंगावर ती जुनी घोंगडी फेकायची. आयुष्यात एकदाही ती महाराजांच्या पाया पडली नाही. घराण्याच्या या बाजूबद्दल कोणी फारसं बोलत नसे.

आता या घरात कुलूप कसं बनायचं ते सांगायला हवं. ढाचा, कडी आणि किल्ली पुरुषाच्या हातची. आतली स्प्रिंग, म्हणजे पोलादाची बोटाएवढी वाकवलेली पट्टी, ती घरच्या बाईनं करायची. तापवून पाणी द्यायचं, म्हणजे लाल असताना पाण्यात बुडवायची, मग पुन्हा शेकून निळसर रंग आला की काढायची आणि कुलपाच्या जिभेमागे बसवायची. जीभ कडीच्या खाचेत घट्ट बसते ती त्या स्प्रिंगच्या जोरावर. हात नाजूक लागतो म्हणून हे काम सासूनं सुनेला नाहीतर आईनं लेकीला शिकवायचं, मुलाला नाही. आणि ज्यानं जे केलं त्यावर त्यानं खूण करायची, म्हणजे उद्या काही बिघडलं तर एकमेकांवर ढकलायला नको. बाईची खूण स्प्रिंगखाली, पत्र्यावर तीन बारीक ओरखडे. शेवटी पुरुषानं कुलूप बंद करून एकवीस वेळा ओढून पाहायचं आणि पसंत पडलं तरच कडीवर एक ठिपका ठोकायचा. चार पिढ्या हे असंच चाललं होतं. मिस्त्री ठिपका ठोकत होते आणि बायको ओरखडे काढत होती.

आणि त्या तिसऱ्या कुलपाच्या कडीवर ठिपका होता! मिस्त्रींनी लहानपणी काचेला नाक लावून तो पाहिला होता. त्यांच्या मते सगळा पुरावा त्यातच होता. पणजोबांनी ओढून पाहिलेलं कुलूप सदोष असेलच कसं? शिवाय याच साहेबानं पुढे स्वतःच्या बंगल्याची सगळी कुलपं पणजोबांकडूनच करून घेतली. कुलपं वाईट असती तर घेतली असती का? हे सगळं मिस्त्री ऐकणाऱ्याला पटवून द्यायचे, आणि ऐकणारा सगळं ऐकून घेऊन म्हणायचा, "ते खरं हो, पण बघितलं तर उघडणार नाही ना?"

त्या शुक्रवारी दुपारी मोठ्या बाई दुकानाची पायरी चढल्या तेव्हा मिस्त्री किल्ली घासत होते. बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर महाराजांच्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे आला होता आणि त्या तो शाळेसारखाच चालवत. मिस्त्री त्यांचे विद्यार्थी. पंचावन्न वर्षांचे झाले तरी बाई समोर आल्या की ते हातातलं काम खाली ठेवून उभे राहत.

"बस, बस," बाई म्हणाल्या. मग मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "अरे, कुलूप बंद झालंय."

"कुठलं?"

"कुठलं काय? ते!"

झालं होतं असं की खोली झाडणाऱ्या मावशींनी पेटी पुसायला उघडली. इतक्या वर्षांचा गंज पाहून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी घरून तेल आणलं, मायेनं कुलपात सोडलं, फडक्यानं चोळलं आणि चोळता चोळता कडी दाबली गेली. टक् आवाज झाला आणि महाराजांच्या नजरेनं उघडलेलं कुलूप मिटलं. किल्ली साहेबाच्या खिशातून कुठं गेली ते कोणालाच माहीत नव्हतं.

"काल दुपारपासून ती रडतेय," बाई म्हणाल्या. "म्हणते, माझ्या हातून पाप झालं, महाराज माझ्यावर रुसले. आणि परवा रविवार. लांबून लांबून लोक येतात ते उघडं कुलूप बघायला. बंद कुलूप काय, त्यांच्या घरोघरी आहे."

मागच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती आणि काउंटरवरची लेक हिशेब सोडून ऐकत होती.

"बाई, किल्ली नाही म्हणजे मागचा पत्रा काढावा लागेल," मिस्त्री म्हणाले. "चार रिबिटं आहेत. परत तशीच ठोकून देईन, कळणारसुद्धा नाही. पण मग आतलं सगळं दिसेल मला."

"दिसू दे."

"कुलूप चांगलं निघालं तर? काही खोट नसली तर? पेटीशेजारी पाटीवर तसं लिहाल?"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "साहेबाचा कागद लपवला का मी? भक्तांनी किती सांगितलं, काढून टाका म्हणून. खरं असेल ते तिथं राहील. तुझं खरं निघालं तर तुझंही लिहीन, ठळक अक्षरात."

बाई गेल्या आणि लेक टुणकन उठली. दुकानाची जुनी पाटी पडायला झाली होती आणि नवी रंगवायला दिलेली होती. रंगारी रोज नाव काय घालायचं ते विचारत होता. "बाबा, मी त्याला सांगते उद्यापर्यंत थांब. मग आपलं खरं आडनाव घालू. खाली 'चार पिढ्यांचा भरवसा'. बघूच कोण आपोआप म्हणतं ते!"

शनिवारी सकाळी हत्यारांची पिशवी मिस्त्रींच्या हातात देताना बायकोनं विचारलं, "आणि खोट निघाली तर?"

"निघणार नाही. ठिपका आहे त्याच्यावर."

"मी निघाली तर म्हणतेय."

मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली. पणजोबांचं काम खरंच खराब निघालं, तर उद्यापासून ठिपका ठोकायला हातोडी उचलवणार नाही, हे त्यांना आतून माहीत होतं.

महाराजांची खोली लहान होती. एक खिडकी, एक बाज, भिंतीला टेकवलेली काठी आणि मध्ये ती पेटी. बाहेरच्या व्हरांड्यात मावशी गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. मिस्त्रींना पाहून त्या उठल्या, पण आत आल्या नाहीत. बाई खिडकीपाशी भेटवहीची पानं चाळत बसल्या. मिस्त्रींनी टेबलावर जाड कापड पसरलं, चष्मा लावला आणि कुलूप हातात घेतलं. चाळीस वर्षं काचेआडून पाहिलेली वस्तू हातात आल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागली. कडीवरच्या ठिपक्यावर त्यांनी अंगठा ठेवला. मनातल्या मनात म्हणाले, पणजोबा, आज तुमची सुटका करतो.

रिबिटांना आधी घासलेट लावलं. थोडा वेळ जाऊ दिला. मग बारीक छिन्नीनं एकेक डोकं सोडवलं. घाई केली असती तर पत्रा वाकला असता, म्हणून चार रिबिटांना तास लागला. पत्रा निघाला. आत काळं, घट्ट झालेलं तेल आणि त्यावर मावशींचं नवं तेल. फडक्याच्या टोकानं त्यांनी ते हलके हलके पुसलं. जीभ दिसली. सरळ, नीट घासलेली, कुठं वेडीवाकडी नाही. मिस्त्रींनी श्वास सोडला. जिभेमागची स्प्रिंग चिमट्यानं बाहेर काढली आणि तिच्यावर अंगठा दाबला.

स्प्रिंग दबली आणि तशीच राहिली.

मिस्त्रींनी पुन्हा दाबून पाहिलं. मग खिडकीच्या उजेडात धरली. घरच्या स्प्रिंगवर पाणी दिल्याचा निळा रंग असतो, तो शंभर वर्षांनीही पूर्ण जात नाही. हिच्यावर तो नव्हताच. पाणी दिलेली पट्टी पुन्हा निखाऱ्यात घालून राखेत हळूहळू निवू दिली की अशी होते. मऊ, राखी, जीव गेलेली. असं कुलूप चार वेळा नीट लागेल, पण दाराला हिसका बसला की कडी सुटणार. महाराजांनी पाहायलाच हवं असं नाही.

म्हणजे साहेबाचंच बरोबर होतं तर. मिस्त्रींचे कान तापले. चाळीस वर्षं ज्याच्या त्याच्याशी वाद घातले ते सगळे आठवले आणि पणजोबांचा राग आला. एवढं कसं कळलं नाही तुम्हाला? स्प्रिंग मेलेली आहे हे पहिल्यांदा ओढतानाच हाताला कळतं. मला झोपेत कळेल.

झोपेत कळेल, हे मनात आलं आणि मिस्त्री थांबले.

त्यांनी पट्टी उलटी केली. पत्र्याकडे जाणाऱ्या बाजूनं, जिथं कोणाची नजर जाणार नाही तिथं, मधोमध ती कानशीनं पातळ केलेली होती. नुसती पातळ केलेली नव्हती. एका दिशेनं, एकसारखी घासून कडा गुळगुळीत केल्या होत्या. निष्काळजी हात कडा घासत बसत नाही. ही चूक नव्हती. हे काम होतं, आणि फार चांगलं काम होतं. मिस्त्रींनी कुलपाच्या आतला पत्रा पुसला. स्प्रिंगच्या जागी तीन ओरखडे होते, बारीक, सारख्या अंतरावर. त्यांच्या बायकोनं काल संध्याकाळी काढले तसेच.

पणजी! जिनं कधी महाराजांपुढे मान वाकवली नाही, ती. कोठडीची फरशी गार असणार आणि म्हाताऱ्याला खोकला झाला होता. चौदा दिवस. तिला संत नको होता, चमत्कार तर नकोच होता. तिला तो म्हातारा उद्या सकाळी पायरीवर हवा होता, पाय आत घ्या म्हणून ओरडायला. आणि असं काम करूनही तिनं खूण करायची टाळली नव्हती. केलं ते मी केलं, असं तिनं तीन ओरखड्यांत लिहून ठेवलं होतं.

आणि कडीवर ठिपका होता. पणजोबांनी ओढून पाहिलं होतं. पहिल्याच ओढीत त्यांच्या हाताला कळलं असणार. बायकोकडे पाहिलं असेल का त्यांनी? काही विचारलं असेल का? मिस्त्रींना वाटलं, नसेल विचारलं. त्यांनी हातोडी उचलली आणि ठिपका ठोकला. पुढे दोन कुलपं परत आली ती लाजेनं नाही वितळवली; उद्या कोणी उघडून पाहायला नको म्हणून वितळवली. आणि मग जन्मभर लोकांचे टोमणे ऐकत म्हणत राहिले, होतं असं कधी कधी.

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्मा धूसर झाला. तो पुसता पुसता त्यांची नजर पेटीतल्या साहेबाच्या कागदावर गेली. 'तिन्ही कुलुपे एकाच दुकानातील.' हे वाक्य त्यांनी हजार वेळा वाचलं होतं, पण वाचताना नेहमी शरमच वाटली होती. आज पहिल्यांदा त्यांनी ते कुलूपवाल्याच्या डोक्यानं वाचलं. गावात तेव्हा कुलपांची आणखी दुकानं होती. पहिलं कुलूप पडलं, दुसरंही पडलं, तरी बूट पुसल्याशिवाय घरात न शिरणारा हा माणूस तिसऱ्यांदा शिपायाला त्याच दुकानात पाठवतो? आणि पुढे आपल्या बंगल्याला कुलपं घेतो तीही तिथूनच? साहेबाला पुस्तकाबाहेर जाता येत नव्हतं. कुलूप सदोष निघालं तर मात्र पुस्तकाची काही हरकत नव्हती.

पणजी, पणजोबा आणि साहेब, तिघंही कितीतरी वर्षं एका गावात राहिली आणि एकमेकांशी या बाबतीत एक अक्षर बोलली नाहीत. आणि पायरीवर उन्हाला बसणाऱ्या म्हाताऱ्याला हे माहीत होतं की नाही, ते महाराजांनाच ठाऊक.

"काय रे, निघालं का काही?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींच्या ओठांवर सगळं आलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? स्प्रिंग समोर होती, ओरखडे समोर होते. बाईंनी ठळक अक्षरात लिहिलं असतं. रविवारी लोकांनी वाचलं असतं की आपोआप काही झालं नव्हतं, या घराण्यानं ते केलं होतं. याहून मोठा मान कुठला? पणजीचं नाव पहिल्यांदा कोणीतरी घेतलं असतं.

तेवढ्यात दारातून मावशींचा आवाज आला. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. डोळे सुजलेले. "उघडलं का हो?"

मिस्त्रींनी कुलपाकडे पाहिलं. स्प्रिंग काढल्यावर जीभ मागे सरकली होती आणि कडी बाहेर आलेली होती. "उघडलं, मावशी."

मावशींना खरं वाटेना. त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "आपोआप?"

मिस्त्रींनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "आपोआप."

मावशी तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. पण हे रडणं निराळं होतं. बाईंनी उठून त्यांना पाणी दिलं. मग टेबलापाशी येऊन हलक्या आवाजात विचारलं, "मला खरं सांग."

"स्प्रिंग मऊ होती, बाई. साहेबाचं बरोबर आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"लहानपणी तू अर्धं खरं सांगायचास तेव्हा नखं बघायचास," बाई म्हणाल्या. "आताही तेच करतोयस." पण त्यांनी पुढे विचारलं नाही. चांगल्या शिक्षकाला कुठं थांबायचं ते कळतं. "मग पाटीवर काय लिहू?"

"आहे ते राहू द्या. होतं असं कधी कधी."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की हे शब्द आपले नाहीत. पणजोबा हे म्हणताना कसे दिसत असतील याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आता कळलं. ते हसत असणार.

त्यांनी तीच मऊ स्प्रिंग परत जागेवर बसवली. नवी घालणं हातचा मळ होता, पण पणजीचं काम दुरुस्त करणारे ते कोण? पत्रा लावला, चार रिबिटं ठोकली आणि कुलूप उघडं करून पेटीत ठेवलं, कडीवरचा ठिपका वरच्या बाजूला येईल असं.

घरी आले तेव्हा लेक दारातच उभी होती. त्यांचा चेहरा पाहून ती काय ते समजली. "खोट होती?"

"होती."

"मग रंगाऱ्याला काय सांगू?"

"सांग, 'आपोआप' लिही म्हणावं. मोठं."

"बाबा!"

"अगं, सगळं गाव त्याच नावानं ओळखतं. टपालवाल्याकरता पाटी लावायची आहे का?" लेकीनं कपाळावर हात मारला आणि ती रंगाऱ्याकडे गेली. तिलाही एक दिवस सांगायचं होतं. पण स्प्रिंगचं काम आईनं तिला शिकवल्यावर. त्याआधी नाही.

मागच्या खोलीत बायको निखाऱ्यापाशी पाटावर बसली होती. मिस्त्री तिच्यासमोर बसले आणि तिला सगळं सांगितलं. निळा रंग नसलेली पट्टी, उलट्या बाजूची कानस, तीन ओरखडे, ठिपका, साहेबाचं तिसरं कुलूप. कोणाचं कौतुक करायची सवय नसलेला माणूस, पण कडा किती गुळगुळीत घासल्या होत्या ते त्यांनी दोनदा सांगितलं. बायकोनं चिमट्यात धरलेली पट्टी निवू दिली. मग तिनं फक्त एवढंच विचारलं, "पणजोबांना आधी माहीत होतं? ठिपका ठोकायच्या आधी?"

"ओढल्यावर न कळायला ते काय नवशिके होते? मला कळतं, तर त्यांना कळलंच असणार."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं चिमट्यानं निखारे सारले. "मला वाटलं, बिचारीनं एकटीनं मनात ठेवलं की काय सगळं."

बाहेर सायकलची घंटा वाजत गेली. बायकोनं सकाळपासून हातात असलेलं कुलूप पुरं केलं, पत्रा बसवला आणि कडी दाबून त्यांच्या हातात दिलं. मिस्त्रींनी ते घेतलं. तिच्याकडे पाहिलं. केसांत राख उडालेली, बोटांना जुने चटके, तीस वर्षं हेच. त्यांनी कुलूप न ओढताच हातोडी उचलली आणि ठिपका ठोकायला कडी ठोकळ्यावर धरली.

तिनं त्यांचा हात धरला.

"आधी ओढून बघा," ती म्हणाली. "या घरातल्या बायकांचा काही भरवसा नाही."

मिस्त्रींनी कुलूप एकवीस वेळा ओढून पाहिलं.